टर्बोच्या गाडीला ऑइल कूलर बसवायचा का?

आम्ही नवी मुंबईतल्या सारसोळे गावातून बोलतोय. एका बाजूला नेरूळच्या इमारती, दुसऱ्या बाजूला खाडी आणि जेट्टी, आणि मधे आमचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. आमचा बचत गट सुकी मासळी आणि मसाला विकतो. या कार्यक्रमात आपण कर्जाचे हप्ते, पॅकिंग, लेबल, बँकेचे कागद अशा विषयांवर बोलत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण गाडीच्या इंजिनातल्या तेलाबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषांचा विषय. आम्हीही तसंच म्हणायचो. पण आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाचा टेम्पो आहे, कुणाची जुनी जीप, कुणी भाजीसाठी पिकअप घेतलाय. हप्ता आपल्या गटाच्या खात्यातून जातो, गॅरेजचं बिलही आपणच भरतो. मग त्या बिलात काय लिहिलंय ते आपल्याला कळायला नको का?

आमच्याकडे झालं ते सांगतो. आमच्या गटात चौदा जणी. टर्बो डिझेलची एक जुनी पिकअप आम्ही मिळून घेतली. जवळा, सुकट, बोंबील भरायचे, कळंबोलीवरून एक्सप्रेसवे धरायचा, बोरघाट चढून तळेगाव आणि पुण्याकडे जायचं. गाडी चालवतात आमच्या एका वहिनीचे दीर, सगळ्या जणी त्यांना भाऊजीच म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात घाटात गाडीचा काटा वर जायला लागला. भाऊजींनी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे सांगितलं, "टर्बोची गाडी आहे, घाट चढते, तर ऑइल कूलर बसवायलाच लागेल. नाहीतर पुन्हा टर्बो जाईल." खर्च साडेअठरा हजार.

"पुन्हा" हा शब्द ऐकून आमच्या पोटात गोळा आला. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा टर्बो खरंच गेला होता आणि त्यात सव्वीस हजार गेले होते. महिन्याच्या बैठकीत अर्ध्या जणी म्हणाल्या, बसवून टाका, पुन्हा ती कटकट नको. अर्ध्या म्हणाल्या, पैसे कुठून आणायचे? आमच्यातली एक वयस्कर मावशी गप्प बसली होती. शेवटी ती म्हणाली, "काय गो बायांनो, कूलर म्हंजे काय ते तरी कुनाला ठावं हाय का?" कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी समजून घ्यायचं, मग पैसे काढायचे. पुढचा महिनाभर आम्ही विचारत फिरलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतोय.

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. चूल पेटवताना आपण फुंकणीने फुंकतो. लाकूड तेवढंच असतं, पण हवा जास्त मिळाली की जाळ मोठा होतो. इंजिनाचंही तसंच आहे. इंजिनात इंधन जळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त इंधन जाळता येतं आणि लहान इंजिनातूनही मोठी ताकद मिळते. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी.

ही फुंकणी फिरते कशावर? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर. सायलेन्सरकडे जाणारा गरम, जोरदार धूर एका भिंगरीवर आदळतो. भिंगरी फिरते. तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी असते, ती बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबते. म्हणजे वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधी ती जहाजांच्या आणि मोठ्या यंत्रांच्या इंजिनांत आली, १९६२ साली अमेरिकेत साध्या मोटारींत आली, आणि आज आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्यांत आहे. आता तर लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो येतो.

ही भिंगरी किती जोरात फिरते? आपला छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्या मारतो. मिक्सरची मोटर अठरा-वीस हजार मारते, तर घरभर आवाज होतो. लहान गाडीचा टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्या मारतो. म्हणजे मिक्सरच्या आठ-दहा पट. आणि हे सगळं आगीच्या शेजारी. डिझेल गाडी चढावर भरून चालली की टर्बोत शिरणारा धूर सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पेट्रोलच्या गाडीत नऊशेच्याही वर जातो. आपलं पाणी शंभर अंशाला उकळतं, त्यावरून अंदाज करा.

आता तेल कुठे येतं ते ऐका. एवढ्या वेगात फिरणारा दांडा धातूवर धातू घासून फिरला असता तर क्षणात जळून गेला असता. म्हणून बहुतेक टर्बोत तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिनातलं ऑइल दाबाने तिथे पोचतं, दांड्याला उचलून धरतं, तिथली उष्णता घेतं आणि परत खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये येतं. म्हणजे टर्बोत तेलाची दोन कामं असतात: घासू न देणं आणि थंड ठेवणं. शिवाय बऱ्याच टर्बो इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचा फवारा मारतात, पिस्टन वितळू नये म्हणून. तीही उष्णता तेलच घेतं. म्हणून साध्या इंजिनापेक्षा टर्बोच्या इंजिनातलं तेल जास्त तापतं. इथवर त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबरच होतं.

तेल जास्त तापलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कढईतलं तेल जास्त तापवलं की आधी ते पाण्यासारखं पातळ होतं. मग धूर येतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं पडतं, चिकट होतं आणि कढईच्या काठाला खरवडूनही न निघणारी खरपुडी धरते. इंजिनाच्या तेलाचंही अगदी तसंच. गाडी नीट चालताना तेल साधारण नव्वद ते एकशेदहा अंशांवर असतं. तिथे त्याला काही होत नाही, त्यासाठीच ते बनवलेलं असतं. ओझं घेऊन लांब चढ चढताना थोडा वेळ एकशेवीसपर्यंत गेलं तरी चांगलं तेल टिकतं. पण एकशेतीसच्या वर ते पुन्हा पुन्हा जायला लागलं, की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. ठोकताळा असा, की दर दहा अंश वाढले की तेल बिघडायचा वेग साधारण दुप्पट होतो. पातळ झालेलं तेल दांड्याला नीट उचलून धरत नाही, आणि जळालेल्या तेलाची खरपुडी टर्बोच्या बारीक नळीत बसते. नळी तुंबली की तेल पोचत नाही. तेल पोचलं नाही की टर्बो गेला.

मग हे तेल थंड कोण करतं? इथे ऑइल कूलर येतो. ऑइल कूलर म्हणजे तेल थंड करायचं एक भांडं. ते दोन तऱ्हेचं असतं.

पहिली तऱ्हा पाण्याची. दूध लवकर निववायचं असलं की आपण पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतो. दूध पाण्यात मिसळत नाही, पण त्याची उष्णता पाणी घेतं. तसंच इथे धातूच्या चपट्या थरांचा एक लहानसा डबा असतो. एका थरातून तेल जातं, शेजारच्या थरातून रेडिएटरचं पाणी, म्हणजे कूलंट. हा डबा बहुतेक वेळा ऑइल फिल्टरच्या बुडाशीच बसवलेला असतो. बाहेरून तो दिसतही नाही.

दुसरी तऱ्हा हवेची. गरम चहा बशीत ओतला की पसरतो, वारा लागतो आणि निवतो. तसं गाडीच्या तोंडाशी एक लहान रेडिएटर बसवतात, दोन नळ्यांनी इंजिनातलं तेल तिथे नेतात आणि वाऱ्याने थंड करून परत आणतात. बाहेरून जो कूलर लोक बसवून देतात तो बहुतेक वेळा हाच असतो. आम्हाला सांगितलेला साडेअठरा हजारांचा कूलरही हाच.

आता मुख्य प्रश्न. टर्बो आहे म्हणजे ऑइल कूलर लागतोच का?

आम्हाला मिळालेलं उत्तर असं. टर्बोच्या इंजिनाला तेल थंड ठेवायची काहीतरी सोय लागतेच. पण ती सोय गाडी बनवणाऱ्याने आधीच केलेली असते. इंजिन किती तापणार, किती ओझं ओढणार, याचा हिशोब करूनच ते तसं बनवतात. कुठे कूलर लागतो, तो कंपनीतूनच बसवून येतो. कुठे चेंबरमध्ये जास्त तेल ठेवून भागतं. कुठे टर्बोच्या भोवतीच कूलंटचं पाणी फिरवलेलं असतं, आजच्या पेट्रोल टर्बोत तर बहुतेक असतंच. म्हणून कंपनीतून टर्बोसकट आलेल्या, काही बदल न केलेल्या आणि ठरलेलंच वजन नेणाऱ्या गाडीला वरून आणखी एक कूलर लावायची गरज सहसा नसते.

एक ओळखीचं उदाहरण देतो. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लीटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये ते होतं. हेच इंजिन परवान्यावर मारुतीनेही बनवलं आणि २००७ सालापासून स्विफ्ट डिझेलमध्ये दिलं. तुमच्या गावात टॅक्सी म्हणून फिरणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांत हेच इंजिन आहे. ते टर्बोचं आहे, आणि ऑइल फिल्टरच्या घराला चिकटून त्यात पाण्याचा ऑइल कूलर कंपनीतूनच येतो. गाडीच्या मालकाला दहा-दहा वर्षं त्याचा पत्ता नसतो. म्हणजे "कूलर बसवू का" असं कुणी विचारलं, तर आधी "आहे का ते बघा" असं म्हणायला हवं.

आणि आता उलट उदाहरण. पुण्याच्या बजाजची पल्सर २२० मोटरसायकल बघा. तिला टर्बो नाही, तरी पुढच्या बाजूला ऑइल कूलर आहे. का? कारण त्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही, सगळी उष्णता वाऱ्याने आणि तेलानेच काढायची असते. म्हणजे कूलर लागतो की नाही, हे टर्बो या शब्दावरून ठरत नाही. तेल किती तापतं, यावरून ठरतं.

आमच्यातल्या एकीने विचारलं, "लागत नसेल तरी लावला तर बिघडलं काय? थंड तर राहील." हा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर आम्हालाही नवीन होतं. तेल फार थंड राहिलेलंही चालत नाही. इंजिनात इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं इंधन तेलात उतरतं. तेल चांगलं तापलं तरच ते उडून जातं. पावसाळ्यात ऊन नसताना सुकट वाळत घातली तर काय होतं, ते आम्हा कोळणींना पक्कं माहीत आहे. दमट राहते आणि कुजते. तेलही कायम कोमट राहिलं तर त्यात ओल साठते, गाळ धरतो. शिवाय थंड तेल घट्ट असतं, ते टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून बाहेरून हवेचा कूलर लावलाच तर त्याला थर्मोस्टॅट हवा, म्हणजे तेल तापल्याशिवाय त्याला कूलरकडे जाऊ न देणारी झडप. स्वस्तातल्या सेटमध्ये ती अनेकदा नसते.

दुसरा धोका नळ्यांचा. बाहेरच्या कूलरला दोन नळ्या आणि चार सांधे वाढतात. इंजिनातलं सगळं तेल दाबाने त्या नळ्यांतून फिरतं. एक नळी घासून फाटली, एक सांधा ढिला झाला, की काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम. टर्बो वाचवायला जायचं आणि इंजिनच घालवून बसायचं. गाडी वॉरंटीत असेल तर असा बदल केल्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हेही लक्षात ठेवा.

आता आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही तिघी जणी भाऊजींना घेऊन दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. पहिल्यांदाच गॅरेजमध्ये पाय ठेवला, जरा संकोच वाटला. गाडीचं पुस्तकही नेलं होतं, ते इतकी वर्षं सीटखाली पडून होतं. त्या मेकॅनिकने गाडीखाली बॅटरी मारली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. ऑइल फिल्टरच्या मागे तो चपटा डबा होता. कूलर आमच्या गाडीत पहिल्यापासून होता.

मग त्याने विचारलं, "घाटात काटा वर जातो म्हणता, तो कुठला काटा?" भाऊजींनी डॅशबोर्डवरचा दाखवला. तो म्हणाला, "हा पाण्याचा काटा आहे, तेलाचा नाही." मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बहुतेक गाड्यांत समोर जो तापमानाचा काटा असतो तो कूलंटचं तापमान दाखवतो. तेलाचं तापमान आपल्याला दिसतच नाही. काटा वर गेला म्हणजे पाणी तापलंय. आणि पाण्याच्या कूलरमध्ये पाणीच तापलेलं असेल, तर ते तेलाला काय थंड करणार? परातीतलं पाणीच उकळतं असेल तर दूध निवेल का?

कारण सापडलं रेडिएटरमध्ये. त्याच्या जाळीत चिखल आणि गवताची कुसळं घट्ट बसली होती, वारा आत जायला जागाच नव्हती. आतमध्ये कूलंटऐवजी साधं बोअरिंगचं पाणी. आम्हीच बाटलीने भरायचो, फुकट मिळतं म्हणून. त्याचा क्षार आत साचला होता. रेडिएटर साफ करणं, आतून धुणं, योग्य कूलंट भरणं, सगळं मिळून चार हजार शंभर रुपये लागले. त्यानंतर काटा निम्म्याच्या वर गेला नाही. साडेअठरा हजारांचा कूलर बसवला असता तर पैसे गेले असते आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

मग पहिला टर्बो का गेला होता? हेही सांगायला हवं, कारण चूक आमचीच होती. त्या वर्षी ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा बैठकीत आम्ही म्हटलं, या महिन्यात राहू दे, मालाचे पैसे आले की करू. एक महिना, दोन महिने, असे सहा महिने काढले. इतिवृत्ताच्या वहीत आमच्याच सह्या आहेत. तेल बदलायला तेव्हा तीन हजार दोनशे लागणार होते. ते वाचवले आणि सव्वीस हजार घातले.

आणि दुसरी चूक घाटातली. खालापूर सोडलं की बोरघाटाचा चढ लागतो. खोपोलीच्या सखल भागातून लोणावळ्याच्या सहाशे मीटरहून जास्त उंचीवर काही किलोमीटरांत जायचं. भरलेली गाडी, खालचा गिअर, टर्बो पूर्ण जोरात. वर पोचलं की भाऊजी चहाच्या टपरीजवळ थांबायचे आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद करायचे. म्हणजे टर्बो सगळ्यात जास्त तापलेला असतानाच तेलाचा पंप बंद. तव्याखालचा गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो आणि त्यावरचं तेल करपतं ना? तसंच टर्बोत अडकलेलं तेल तिथेच करपायचं. रोज थोडं थोडं. ज्या टर्बोभोवती पाणी फिरवलेलं असतं तिथे इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढून काही वेळ फिरत राहतं आणि उष्णता काढून घेतं. पण बऱ्याच लहान डिझेल गाड्यांच्या टर्बोला ती सोय नसते, तिथे सगळी भिस्त तेलावरच. कसारा, माळशेज, आंबेनळी, आंबा, फोंडा अशा घाटांतून जाणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने आणखी एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही लक्षात ठेवा. "टर्बो बदलला तेव्हा ऑइल कूलर आणि नळ्या धुतल्या होत्या का?" टर्बो फुटतो तेव्हा धातूचा बारीक चुरा तेलात जातो आणि कूलरच्या बारीक थरांत अडकून बसतो. तो काढला नाही तर हळूहळू सुटून नव्या टर्बोत जातो आणि तोही खराब करतो. म्हणून टर्बो बदलाल तेव्हा नवं तेल, नवा फिल्टर, साफ केलेली तेलाची नळी आणि धुतलेला किंवा बदललेला कूलर, हे सगळं बिलात आहे का ते बघा.

मग जादा कूलर कुणाला लागतो? ज्यांनी इंजिनाची ताकद वाढवून घेतली आहे, जे शर्यतीत गाडी पळवतात, किंवा जे उन्हाळ्यात सतत जड ट्रेलर ओढून घाट चढतात, त्यांना. त्यांनीही आधी तेलाचं तापमान मोजून घ्यावं. संगणक लावून किंवा मीटर बसवून ते मोजता येतं. नेहमीचं ओझं घेऊन, नेहमीच्या घाटात, तेल वारंवार एकशेतीसच्या आसपास जात असेल आणि पाणी, रेडिएटर, तेल सगळं ठीक असेल, तर कूलरचा विचार करावा. मोजल्याशिवाय नाही. आणि गाडीत ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरून ती तापत असेल, तर त्यावर उपाय कूलर नाही, माल कमी करणं हाच आहे.

आता आम्ही गटात काय नियम केले ते सांगतो.

तेल बदलायची तारीख आणि किलोमीटर आम्ही गटाच्या वहीत लिहितो, कर्जाच्या हप्त्याच्या शेजारीच. हप्ता चुकवत नाही तसं तेलही चुकवायचं नाही. दर महिन्याला त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवतो, म्हणजे वेळ आली की रक्कम तयार असते.

तेल कुठलं, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. डब्यावरचा आकडा आणि अक्षरं पुस्तकाशी जुळवून बघायची, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४०. जाड तेल चांगलं, महाग तेल चांगलं, असं काही नसतं. पुस्तकातलं तेच चांगलं. २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, तिला चालणारं तेल वेगळं असतं. जुन्या गाडीचं उरलेलं तेल तिच्यात ओतू नका.

सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, लगेच रेस करायची नाही. तेल टर्बोपर्यंत पोचू द्यायचं. घाट चढून किंवा जोरात चालवून थांबलो की इंजिन एक-दीड मिनिट नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं. भाऊजी आता चहाची ऑर्डर देऊन येतात आणि मग चावी फिरवतात. गावातल्या गावात हळू चालवून आलं असेल तर एवढं थांबायची गरज नसते.

आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी आणि थंड असताना तेलाची पट्टी काढून बघायची. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर भरायचं. डिझेल गाडीचं तेल काळं दिसतं, त्याला घाबरू नका. पण ते दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाची साय तरंगताना दिसली, तर आतला कूलर किंवा गॅस्केट फुटून तेल-पाणी एकत्र झालं असण्याचा संभव असतो. मग गाडी चालवायची नाही, ओढून न्यायची. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

निळसर धूर, शिट्टीसारखा वाढलेला आवाज, चढावर कमी पडणारी ताकद, ही टर्बोच्या दुखण्याची लक्षणं. आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर पुढचं गाव, पुढचा पंप असं काही म्हणायचं नाही. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद. इथे मात्र एक मिनिटही थांबायचं नाही.

शेवटी, कुणी तुम्हाला ऑइल कूलर बसवा म्हणालं तर पाच प्रश्न विचारा. गाडीत कंपनीचा कूलर आहे का, तो दाखवा. काटा पाण्याचा वर जातोय की तेलाचा, आणि तेलाचं तापमान मोजलंय का? रेडिएटर, पंखा, कूलंट तपासलं का? कूलरला थर्मोस्टॅट आहे का? नळी फुटली तर जबाबदारी कुणाची, आणि ते बिलावर लिहून द्याल का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या त्या मेकॅनिकने तर आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि चहा सांगितला.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही गाडीचा खर्च वाचून दाखवला. चार हजार शंभर. ज्या मावशीने पहिला प्रश्न विचारला होता, ती म्हणाली, "मंग उरल्या पैशात वाळवणीला नवी जाली घेवा." आम्ही घेतली. या मोसमात सुकट त्याच जाळीवर वाळली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी असेल तर आज घरी गेल्यावर सीटखालचं पुस्तक काढा आणि मागचं तेल कधी बदललं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा.